अठरा अंशांवरचा ध्रुवतारा आणि आपला ट्रॅकर

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स २४ मिलिमीटरची, एक्स्पोजर २० सेकंदांचं. मागच्या पडद्यावर आकाशगंगा उमटते आणि फोटो साधला असं वाटतं. घरी येऊन तोच फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, की तारे ठिपके राहत नाहीत, बारीक रेघा होतात. यात दोष कॅमेऱ्याचा नाही, लेन्सचाही नाही. त्या २० सेकंदांत पृथ्वी फिरलेली असते.

ती किती फिरते, हा हिशेब ट्रॅकर घेण्याआधी एकदा कागदावर मांडायलाच हवा. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला धरल्या, तर दर सेकंदाला आकाश जवळपास १५ विकला सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स असेल, तर सेन्सरच्या एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा सुमारे ५० विकलांचा तुकडा येतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा तो साडेतीन सेकंदांत ओलांडतो. २० सेकंदांत सहा पिक्सेल. त्याच कॅमेऱ्यावर २०० मिमीची लेन्स चढवली, तर पिक्सेलला मिळतं फक्त सहा विकलांचं आकाश, आणि तारा ते अर्ध्या सेकंदाच्या आतच पार करतो.

स्टार ट्रॅकर या छोट्या यंत्राचं काम या हिशेबातूनच ठरतं. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा आणि त्या अक्षाभोवती कॅमेरा पृथ्वीच्या उलट दिशेनं, तिच्याच वेगानं फिरत ठेवायचा. मोठ्या वेधशाळांतल्या विषुववृत्तीय बैठकींचं तत्त्व हेच. फक्त ते पाठपिशवीत मावेल एवढं करून घेतलेलं. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत हौशी मंडळी हमखास विचारतात, "कोणता ट्रॅकर घेऊ?" माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर ट्रॅकरपासून सुरू होत नाही. आधी लेन्स कोणती ते सांगावं, मग कुठल्या आकाशाखाली उभं राहणार ते सांगावं. यंत्राचं नाव त्यानंतर आपोआप पुढे येतं.

यंत्र मुळात किती साधं असू शकतं, हे पाहिलं की बाजारातल्या जाहिरातींचा धाक कमी होतो. १९७० च्या दशकात जॉर्ज हेग यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात एक आराखडा दिला. दोन फळ्या, त्यांना जोडणारी बिजागरी, आणि वरची फळी हळूहळू उचलणारा एक बोल्ट. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा आणि बोल्ट ठरल्या वेगानं फिरवत राहायचा. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-६ बोल्ट एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकतो. तो बिजागरीपासून २२८.५ मिमीवर बसवला आणि मिनिटाला बरोबर एक फेरा दिला, तर फळी पृथ्वीच्या वेगानं उघडते. सेकंदकाट्याकडे बघत हातानं फिरवला तरी चालतं. बोल्ट सरळ असतो आणि फळीचं टोक वर्तुळात फिरतं, त्यामुळे काही मिनिटांनी वेग चुकायला लागतो. पण रुंद कोनाच्या लेन्सला तेवढा वेळ पुरतो. शाळेतल्या मुलांकडून हे यंत्र करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पृथ्वीच्या गतीचं गणित हातात येतं ते असं.

ट्रॅकरनं नेमकं काय मिळतं? वेळ मिळतो, आणि वेळ म्हणजे प्रकाश. २० सेकंदांऐवजी दोन मिनिटं शटर उघडं ठेवता आलं, तर सहापट प्रकाश आत येतो. तो सगळा आयएसओ कमी करण्यात खर्च करायची गरज नाही. स्वस्त-महाग कुठलीही वेगवान लेन्स एफ २ ला पूर्ण उघडली, की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. तीच एफ ४ ला आणली की तारे आवळून टिंबासारखे होतात. एफ २ वरून एफ ४ वर आल्यावर प्रकाश चौथाई होतो. वेळ सहापट असल्यानं तरीही आपण दीडपट नफ्यात. नव्या महागड्या लेन्सचे पैसे अनेकदा ट्रॅकर वाचवतो ते यामुळे.

नफ्याला एक अट मात्र आहे. आकाश काळं हवं. मुंबई-पुण्याच्या वेशीवर दोन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं, तर ताऱ्यांआधी शहराचा पिवळा उजेडच सेन्सर भरून टाकतो. अनेक छोटे फोटो एकावर एक रचून थोडं काही वाचवता येतं, पण अंधाराची भरपाई होत नाही. २०२४ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसानं ट्रॅकर घ्यायच्या आधी एकदा अशा आकाशाखाली साधा ट्रायपॉड घेऊन जावं. आपल्याला नेमकं काय टिपायचंय, हे तिथे कळतं.

आता ध्रुवाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. ट्रॅकरविषयीची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ युरोप-अमेरिकेत तयार होतात. लंडनमध्ये ध्रुवतारा क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, न्यू जर्सीत ४० अंशांवर. आपल्याकडे तो आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसणार: नागपुरात २१ अंश, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, कोल्हापुरात १७ च्या आत, पणजीत साडेपंधरा. एवढ्या खाली धूळ आणि धुरकं दाट असतं. सह्याद्रीच्या खोऱ्यात उतरलं तर उत्तरेचा एखादा डोंगर ध्रुवताऱ्याला सरळ गिळून टाकतो. भोरच्या बाजूला मुक्काम केला, तर दक्षिणेचं आकाश छान असतं, पण ध्रुवतारा नेमका पुण्याच्या उजेडाच्या घुमटात सापडतो. दुसऱ्या प्रतीचा तारा तो, तेजस्वी मुळीच नाही. नवशिक्याला तो शोधण्यातच अर्धी रात्र जाऊ शकते.

ध्रुवतारा सापडला तरी काम संपत नाही. खरा खगोलीय ध्रुव त्याच्यापासून आज सुमारे ०.६ अंशावर आहे. ध्रुवतारा शर्मिष्ठेच्या बाजूला सरकलेला, आणि ध्रुव त्याच्या उलट बाजूला, सप्तर्षींच्या शेपटीच्या दिशेनं. ट्रॅकरमधल्या पोलर स्कोपच्या काचेवर यासाठी घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं असतं. ध्रुवतारा या क्षणी कितीच्या आकड्यावर ठेवायचा ते फोनवरचं ॲप सांगतं. स्कोपमधून चित्र उलटं दिसतं, हे ॲपमध्ये आधीच धरलंय का, तेवढं तपासून घ्यावं.

पण एवढी काटेकोर जुळणी प्रत्येकाला लागते का? इथे पुन्हा लेन्सचा हिशेब कामी येतो. अक्ष ध्रुवापासून एक अंश चुकला, तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला भरकटतात. २४ मिमीच्या लेन्सवर तेवढ्यानं एक पिक्सेल पुसट व्हायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागेल. म्हणजे आकाशगंगेच्या रुंद फोटोसाठी एक अंशाची चूकही पचते. नुसता ध्रुवताऱ्यावरच अक्ष रोखला, ०.६ अंशाची चूक तशीच राहू दिली, तरी पाच मिनिटं निभावतात. ध्रुवतारा दिसतच नसेल, तर होकायंत्र आणि फोनवरचा कोनमापक वापरून दोन-तीन अंशांच्या आत येता येतं, आणि एक-सव्वा मिनिटाचं एक्स्पोजर त्यावरही निघतं. २०० मिमीच्या लेन्सवर मात्र एका अंशाच्या चुकीनं २५ सेकंदांतच तारा शेजारच्या पिक्सेलवर जातो. तिथे जुळणी पाच कलांच्या आत हवी, तेव्हा कुठे चार-साडेचार मिनिटं मिळतात. रुंद लेन्सवाल्यानं पोलर स्कोपसाठी जीव टाकू नये, आणि लांब लेन्सवाल्यानं त्याच्यावाचून घराबाहेर पडू नये, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

होकायंत्राबाबत आपण नशीबवान आहोत. जगात अनेक ठिकाणी चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत दहा-दहा अंशांचा फरक पडतो. महाराष्ट्रात तो एक अंशापेक्षाही कमी आहे. होकायंत्राची सुई जिथे दाखवते, तिथेच आपल्या कामापुरती उत्तर असते. सावध राहायचं ते कातळापाशी. दख्खनचा बसाल्ट मॅग्नेटाइट बाळगून असतो, आणि उघड्या माथ्यावर वीज पडलेल्या जागी खडक चांगलाच चुंबकित झालेला असू शकतो. फोन खडकावर ठेवून दिशा घेऊ नये. उभं राहून, गाडीपासून आणि लोखंडी वस्तूंपासून दूर, दोन-तीन जागांवरून दिशा बघावी आणि त्या जुळल्या तरच विश्वास ठेवावा. होकायंत्र दिवसा उजेडी वापरता येतं हा त्याचा आणखी एक फायदा. जागा निवडून, ट्रायपॉड रोवून, दिशा लावून संध्याकाळी निवांत बसता येतं.

काही छोटे ट्रॅकर हिरव्या लेझरनं ध्रुव दाखवायची सोय देतात. मूव्ह शूट मूव्हच्या ट्रॅकरांमुळे ही पद्धत बरीच पसरली. एकट्यानं, विमानांच्या वाटेपासून लांब असताना काही सेकंद वापरली तर जुळणी पटकन होते, हे खरं. तरी मी ती सुचवत नाही. लेझर वैमानिकाच्या डोळ्यांना धोकादायक असतो, आसपासच्या माणसांच्या डोळ्यांना तर जवळून असल्यानं त्याहून धोकादायक असतो, आणि शेजारी कॅमेरे लावून बसलेल्या साऱ्यांच्या फोटोंतून हिरवी रेघ जाते.

ध्रुव खाली असण्याचा दुसरा परिणाम यंत्रावर होतो, आणि तो खरेदीआधी फारसा कुणी सांगत नाही. ट्रॅकर तिरका धरणाऱ्या भागाला वेज म्हणतात. आपल्याकडे वेज जवळजवळ आडवा होतो. त्यामुळे कॅमेरा आणि काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या मध्यावर न राहता उत्तरेला बाहेर झुकतात. दांडा फिरता फिरता खाली आला की ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला धडकतो, मोटर कण्हते आणि फोटो वाया जातात. उपाय असा, की एक पाय उत्तरेला न ठेवता दक्षिणेला ठेवावा, म्हणजे दांडा उरलेल्या दोन पायांमधून मोकळा जातो. मग भार मोकळ्या बाजूला कलतो म्हणून ट्रायपॉडच्या आकड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवावी. वेज आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये वीतभर उंचीचा खांब मिळतो. आपल्या अक्षांशावर तो चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे. वेज घेताना तो १५ अंशांपर्यंत नीट उतरतो का आणि तिथे स्क्रू घट्ट बसतो का, हे हातानं करून बघावं. अंशांची पट्टी शून्यापर्यंत छापलेली असते, म्हणून सगळं आलबेल असेल असं नाही.

या गैरसोयींच्या बदल्यात आपल्याला जे मिळतं, ते युरोपातल्या लोकांना मिळत नाही. आकाशगंगेचा गाभा धनू राशीत, विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. लंडनहून तो कसाबसा नऊ-दहा अंश वर येतो. मुंबईच्या अक्षांशावर ४२ अंश. अगस्त्य १८ अंशांवर येतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ आपल्या क्षितिजापासून २३ अंश वर चढतो, आणि ८५ किंवा १३५ मिमीच्या लेन्सवरही तो सुंदर उतरतो. दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा, म्हणजे कोकणातला एखादा सडा किंवा दक्षिणेकडे उघडणारं पठार, ट्रॅकरच्या किमतीपेक्षा मोलाची.

यंत्रांच्या जाती फार नाहीत. सर्वांत हलक्या गटात व्हिक्सेनचा पोलॅरी, स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर मिनी आणि मूव्ह शूट मूव्हचे ट्रॅकर येतात. दोन ते तीन किलो पेलतात आणि जॅकेटच्या खिशात राहतील एवढे असतात. त्याच्या वर स्टार ॲडव्हेंचरर टू-आय आणि आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो. काउंटरवेट लावून पाच किलोपर्यंत पेलणारे, आत पोलर स्कोप असलेले. पहिला चार पेन्सिल सेलवर चालतो, दुसऱ्यात चार्ज होणारी बॅटरी आहे. आडवळणाच्या गावी मुक्काम असेल तर किराणा दुकानात मिळणारे सेल ही मोठी सोय ठरते. आणखी वर स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयसारखी दोन्ही अक्षांवर मोटर असलेली, लक्ष्य स्वतः शोधणारी यंत्रं. ओमेगॉनचा मिनीट्रॅक वेगळ्या वाटेनं जातो. त्यात बॅटरीच नाही. चावी दिली की स्प्रिंगवर तासभर चालतो. हिमालयातल्या थंडीत जिथे सेल मान टाकतात, तिथे हे फार उपयोगी.

पेंटॅक्सनं २०११ मध्ये आणखी वेगळी युक्ती आणली. कॅमेऱ्यावर लावलेलं जीपीएस जागा आणि दिशा ओळखतं आणि कॅमेऱ्यातला सेन्सरच ताऱ्यांमागे सरकवला जातो. ट्रॅकर नाही, ध्रुव लावणं नाही. सेन्सरला सरकायला जागा थोडी असल्यानं वेळेची मर्यादा येते, पण उत्तर झाकलेल्या दरीत हीच युक्ती सर्वांत हुकमी. पेंटॅक्सवाल्यांनी ट्रॅकर घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत ती आहे का ते बघावं.

यंत्राचा कस कुठे लागतो ते आता पाहू. बहुतेक ट्रॅकरमध्ये एक स्क्रूसारखा वर्म दातांच्या चाकाला ढकलतो. अनेक लोकप्रिय ट्रॅकरमध्ये या चाकाला १४४ दात असतात. चाकाची एक फेरी पृथ्वीच्या एका फेरीइतकी, म्हणजे वर्मचा एक फेरा जवळपास दहा मिनिटांचा. वर्म कितीही नीट घडवला तरी किंचित वाकडा असतोच, म्हणून दर दहा मिनिटांत ट्रॅकर एकदा थोडा पुढे पळतो आणि एकदा थोडा मागे राहतो. या झोल्याला नियतकालिक दोष म्हणतात. मध्यापासून दोन्ही बाजूंना २५ विकला एवढा झोल असेल, तर सर्वांत वाईट मिनिटात तारा सोळा विकला घसरतो. ध्रुवजुळणी एक अंश चुकल्याइतकंच हे नुकसान आहे, आणि फरक असा की जुळणी सुधारता येते, वर्म सुधारता येत नाही.

म्हणूनच २०० मिमीवर एक-एक मिनिटाचे फोटो घेतले, तर झोल्याच्या टोकांजवळचे फोटो स्वच्छ येतात आणि मधले लांबट. अनुभवी लोक यावर रडत बसत नाहीत. पाऊण तासाचे फोटो घेतात, वाईट बाजूला टाकतात, उरलेले एकावर एक रचतात. हे मान्य नसेल तर गाइडिंग हवं: एक छोटी दुर्बीण आणि कॅमेरा ताऱ्यावर नजर ठेवतो आणि ट्रॅकरला क्षणाक्षणाला सुधारतो. पण मग लॅपटॉप किंवा छोटा संगणक, वायरी, आणखी बॅटरी असं सगळं मागून येतं. माझं मत स्पष्ट आहे: १३५ मिमीपर्यंत छोटा ट्रॅकर हे सुख आहे, २०० मिमीला तो कष्ट मागतो, आणि त्यापुढे जायचं असेल तर छोट्या ट्रॅकरवर पैसे न घालवता खरी विषुववृत्तीय बैठक घ्यावी. देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ १३५ मिमीत देखणे येतात, त्यामुळे या मर्यादेत राहूनही काही वर्षं सहज जातात.

वजनाचा आकडाही नीट वाचावा लागतो. पाच किलो पेलतो म्हणजे पाच किलो लादावेत असं नाही. फोटोसाठी निम्म्या ते दोन-तृतीयांश वजनावर थांबलेलं बरं. शिवाय आपण कॅमेरा आणि लेन्स मोजतो आणि बॉल हेड विसरतो. ७०० ग्रॅमचा कॅमेरा, ८०० ग्रॅमची लेन्स, ४०० ग्रॅमचं बॉल हेड. दोन किलो इथेच झाले. कागदावर दोन किलो पेलणारा ट्रॅकर एवढ्यानंच मर्यादेला टेकतो. ट्रायपॉडवर तर कुणी खर्चच करू इच्छित नाही. हलका ट्रायपॉड सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाऱ्यात थरथरतो, आणि ती थरथर कुठलाही ट्रॅकर भरून काढू शकत नाही. पायाच्या खालच्या, बारीक नळ्या उघडू नयेत. ट्रायपॉड बुटका ठेवावा आणि आपण चटई अंथरून बसावं.

अक्ष एकदा लावला की त्याला धक्का लागता कामा नये. ट्रॅकर ध्रुवाकडे, आणि गाभा तर दक्षिणेला. त्यामुळे कॅमेरा अक्षापासून जवळपास १२० अंश मागे वळवावा लागतो. साधं बॉल हेड इतकं वाकताना अडखळतं आणि जोर लावला की जुळणी हलते. कॅमेऱ्याला एल आकाराची पट्टी लावली तर हे वळण सोपं होतं. फ्रेम ठरली की पुन्हा एकदा पोलर स्कोपमधून पाहावं.

टाइमलॅप्सची गोष्ट वेगळी, आणि इथे मी अनेकांना ट्रॅकर घेऊ नका असंच सांगतो. २५ फ्रेमच्या हिशेबानं दहा सेकंदांच्या फिल्मला २५० फोटो लागतात. २० सेकंदांचं एक्स्पोजर आणि दोन सेकंदांची विश्रांती धरली तर दीड तास. फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो, फोर-के व्हिडिओ ३८४० पिक्सेल. सहा पिक्सेलची रेघ व्हिडिओत चारच्या आत येते, फुल एचडीत दोनवर, आणि हलत्या आकाशात ती कुणाच्या नजरेला खुपत नाही. आकाश सरकताना दाखवायचं, हाच तर टाइमलॅप्सचा हेतू. त्यासाठी स्थिर ट्रायपॉड, इंटरव्हॅलोमीटर, रात्रभर पुरणारी वीज आणि दव हटवणारी हीटरची पट्टी पुरे.

ट्रॅकर टाइमलॅप्समध्ये कामाला येतो तो दोन प्रकारे. एक म्हणजे दृश्य हळूहळू आडवं सरकवायला. ट्रॅकर वेजवरून काढून सपाट ट्रायपॉडवर तोंड वर करून बसवला, की तो कॅमेरा तासाला १५ अंश फिरवतो. दीड तासात २३ अंश. वेग दुप्पट केला तर ४६ अंश, पण मग २० सेकंदांत समोरचा डोंगर १२ पिक्सेल पुसला जातो. यासाठी शटर बंद असतानाच पुढे सरकणारा आणि उघडं असताना स्थिर राहणारा ट्रॅकर बघावा. ही सोय कोणत्या यंत्रात आहे ते विकत घेण्याआधी विचारावं. अर्ध्या वेगाचीही एक सोय असते: डोंगर आणि तारे दोन्ही निम्मे-निम्मे हलतात आणि एकाच फोटोत दोन्ही चालून जातात.

दुसरा प्रकार सर्वांत विलक्षण. ट्रॅकर ताऱ्यांवर चालू ठेवायचा आणि तासन्‌तास फोटो घेत राहायचं. फिल्ममध्ये आकाश थांबतं आणि क्षितिज कलंडत जातं. पृथ्वी फिरताना डोळ्यांना दिसते. लडाखमधल्या हानले इथे, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा सांभाळणारे अभियंते दोर्जे आंगचुक यांनी २०२५ च्या जानेवारीत अशी पूर्ण दिवस-रात्रीची फिल्म प्रसिद्ध केली. आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं परिवलन त्यात जसं दिसतं, तसं कुठल्याही आकृतीत दिसत नाही. हे करायचं असेल तर ट्रॅकरचे निकष बदलतात. झोल्याला फार महत्त्व राहत नाही, कारण लेन्स रुंद असते. महत्त्व येतं ते न अडता फिरण्याला. चार तासांत कॅमेरा ६० अंश फिरणार; सुरुवातीलाच शटर न दाबता ट्रॅकर हातानं तेवढा फिरवून बघावा, कुठे पायाला किंवा वायरीला अडकतो का. आधी पूर्वेकडे तोललेलं वजन नंतर पश्चिमेला जातं, म्हणून काउंटरवेट असलेलं बरं. वीज तर दुप्पट विचारानं योजावी लागते. आणि अनेक पॉवर बँक ट्रॅकरसारखी चिमूटभर वीज ओढणारं यंत्र लावलं की काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद पडतात. दवाची हीटर पट्टी त्याच पॉवर बँकेला जोडली तर ती जागी राहते.

दवाचं महत्त्व आपल्याकडे मोठं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुऊन निघालेली असते, आकाश वर्षातलं सर्वांत पारदर्शक, आणि मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव असं साचतं की पुसावं तर फोकस हलतो. गाभ्याचा खरा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहाटे सुरू होतो आणि मे महिन्यात तो जवळपास रात्रभर दिसतो; तेव्हा दव नसतं, पण धूळ आणि उकाडा असतो, आणि तापलेला सेन्सर फोटोत रंगीत ठिपके पेरतो. जूनपासून चार महिने यंत्र पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

खरेदीला हेच चार महिने उत्तम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ अशा ठिकाणी वापरणारी माणसं भेटतात, आणि यंत्र हाताळायला मिळतं. जुना ट्रॅकर घ्यायलाही हरकत नाही. मोटर चालू करून कान लावावा. आवाज एकसारखा हवा, अडखळणारा नको. कॅमेरा बसवायची तबकडी चिमटीत धरून हलवावी. केसभर झोल चालेल, डुगडुगणं नको. मग पहिल्या निरभ्र रात्री, शहरातल्या गच्चीवरूनही, १३५ मिमीची लेन्स लावून विषुववृत्ताजवळच्या एखाद्या ताऱ्यावर तीस-तीस सेकंदांचे सलग वीस फोटो घ्यावेत. दहा मिनिटांत वर्मचा एक फेरा पुरा होतो. ते वीस फोटो क्रमानं उलटत एकाच ताऱ्याकडे पाहिलं, की तो सावकाश एका बाजूला जाऊन परत येतो की एकाच दिशेला वाहत जातो ते कळतं. परत येत असेल तर तो वर्मचा झोल, आणि त्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजून आपल्या ट्रॅकरची मर्यादा ठरवता येते. वाहत जात असेल तर ध्रुवजुळणी पुन्हा करायची.